८०० कॅलरीच्या आतलं डाएट सुरू करायच्या आधी हे बघा, आणि सुरू केलंच असेल तर त्यातून बाहेर कसं यायचं

"दहा दिवसांत पाच किलो" असं कुणी सांगितलं की आधी एकच प्रश्न विचारायचा, दिवसाला कॅलरी किती? उत्तर ८०० किंवा त्याहून कमी आलं तर तिथेच थांबायचं, निदान डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तरी. ८०० च्या आतल्या डाएटला व्हेरी लो कॅलरी डाएट, थोडक्यात व्हीएलसीडी म्हणतात आणि डॉक्टर लोक त्याला औषधासारखंच वागवतात, म्हणजे आधी तपासण्या, मग ठरलेले आठवडे, मधे मधे रक्त तपासणं आणि शेवटी हळूहळू बंद करणं. मनाने घरी करायची ही गोष्ट नाहीच.

अडचण अशी की प्लॅनवर आकडा बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. सकाळी शेक, दुपारी सूप, रात्री सॅलड, एवढंच लिहिलेलं असतं आणि वाचायला ते अगदी हलकं आणि छान वाटतं. तर तो आकडा आपणच काढायचा. पाकिटाच्या मागे बघा, प्रोटीनचे ग्रॅम गुणिले ४, कार्बचे (म्हणजे कार्बोहायड्रेटचे) ग्रॅम गुणिले ४, फॅटचे ग्रॅम गुणिले ९, आणि दिवसभरातलं सगळं एकत्र मिळवा. दहा मिनिटं लागतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या प्लॅनची ही बेरीज मी केली तेव्हा ६०० सुद्धा धड होत नव्हती, आणि तोपर्यंत तिचे नऊ दिवस झाले होते.

आता दुसरा आकडा, आपल्या शरीराला लागतं किती. बायकांसाठी वजन किलोमध्ये गुणिले १०, त्यात उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ६.२५ मिळवायची, त्यातून वय गुणिले ५ वजा करायचं आणि मग आणखी १६१ वजा. पुरुषांनी शेवटी १६१ वजा न करता ५ मिळवायचे. म्हणजे ७० किलो, १६० सेंटीमीटर, ३५ वर्षांची बाई असेल तर १३६४ येतात. हे नुसतं पडून राहायला लागतं बरं का, हृदय, मेंदू, किडनी, श्वास चालू ठेवायला. थोडीफार हालचाल असेल तर त्याला १.३७५ ने गुणायचं, साधारण १८७५ होतात. हा अंदाज आहे, माणसागणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण १८७५ ची गरज असलेल्या शरीराला ६०० देणं म्हणजे काय ते कागदावर लिहिलं की लगेच दिसतं.

पहिल्या आठवड्याचा काटा फसवतो

बहिणीचं पहिल्या आठवड्यात चार किलो वजन उतरलं. ती इतकी खूश होती की तिला काही सांगायचं माझ्या जिवावर आलं. पण हिशोब बघा. तिची गरज वरच्या उदाहरणाएवढीच धरली तर रोज १२७५ कॅलरी कमी, सात दिवसांच्या ८९२५, आणि एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे चरबी गेली असेल ती फार तर सव्वा किलोच्या आतच. मग बाकीचं काय गेलं? आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की ते आधी संपतं आणि पाणी लघवीवाटे निघून जातं, दीडदोन किलो तिथेच. आतडी रिकामी होतात, मीठ कमी जातं म्हणून आणखी पाणी जातं, आणि प्रोटीन कमी पडलं तर स्नायू तुटायला लागतात. नेहमीसारखं जेवायला लागलात की पाणी दोनतीन दिवसांत परत येतं. स्नायू तेवढे लवकर येत नाहीत.

हे एवढ्यासाठी सांगतेय की पहिल्या आठवड्याचा आनंदच माणसाला दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात ओढत नेतो, आणि खरी गडबड तिथे सुरू होते.

शरीरात काय काय होतं

सगळ्यात आधी हृदय, कारण यात वेळ मिळत नाही. हृदय हाही स्नायूच, आणि त्याचे ठोके नीट पडायला पोटॅशियम, मॅग्नेशियम लागतं. खाणं कमी, लघवी जास्त, यात हे क्षार घसरतात आणि बाहेरून काहीही कळत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत लिक्विड प्रोटीन डाएटची लाट आली होती, जनावरांच्या कातडी, हाडांपासून काढलेलं हलक्या दर्जाचं प्रोटीन पिऊन लोक आठवडेच्या आठवडे राहायचे. १९७७-७८ च्या सुमाराला त्यातले सुमारे ६० जण गेल्याची नोंद आहे, आधी हृदयाचा त्रास नसलेल्या धडधाकट बायकासुद्धा त्यात होत्या, ठोक्यांची लय बिघडून गेल्या. काहींचं तर डाएट संपवून परत जेवण सुरू केल्यावर झालं. आत्ताचे चांगले शेक त्यापेक्षा बरे असतात, त्यात व्हिटॅमिन आणि क्षार घातलेले असतात, पण रक्त न तपासता आपलं पोटॅशियम किती हे कुणालाच सांगता येत नाही.

पाणी आणि क्षार घसरल्याचा फटका बहिणीलाही बसला. रात्री पाणी प्यायला उठली, दोन पावलं टाकली आणि डोळ्यासमोर अंधारी आली, ओटा धरायला गेली तर हात निसटला आणि खाली बसली. आवाज झाला म्हणून मी उठले तर ती जमिनीवर, हात बर्फासारखे गार, आणि म्हणते काही नाही गं ताई, पटकन उठले म्हणून झालं. पटकन उठल्यामुळे झालं हे खरंच होतं, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की उभं राहताना बीपी पडतं. पण ते पाणी आणि मीठ गेलं कशामुळे, हे तिच्या लक्षातच येत नव्हतं. आणि भूक मारायला ती दिवसभर पाणी ढोसत होती. खाणं कमी असताना नुसतं पाणी अती पिऊ नका, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते फार घसरलं तर गुंगी येते, फिट येऊ शकते.

पित्ताशयाचे खडे हा दुसरा मोठा धोका, आणि याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पोटात फॅट गेलं की पित्ताशय आकुंचन पावून पित्त बाहेर टाकतं. फॅटच गेलं नाही तर ते पित्त तिथेच साचून राहतं, त्यात वजन झपाट्याने उतरताना लिव्हर पित्तात जास्तीचं कोलेस्टेरॉल सोडतं, आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरत असेल तर ही शक्यता बरीच वाढते. उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, बरोबर उलट्या, असं झालं तर ॲसिडिटी म्हणून गोळी घेऊन झोपू नका. ताप असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

गाऊट, म्हणजे यूरिक ॲसिड साठून सांधे सुजण्याचा आजार, ज्यांना आहे त्यांना त्याचा भडका उडू शकतो कारण उपासमारीत चरबी जळून तयार होणाऱ्या कीटोनमुळे किडनीतून यूरिक ॲसिड नीट बाहेर जात नाही. बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, तोंडाला वास, चिडचिड ही तर ठरलेलीच. पाळी उशिरा येते किंवा थांबते, आणि पाळी थांबली म्हणजे शरीराने स्वतःच हात आखडता घेतलाय, ते सोय झाली म्हणून सोडून द्यायचं नसतं.

केसांचं मुद्दाम वेगळं सांगते. केस दोनतीन महिन्यांनी गळतात. बहिणीने डाएट सोडून तिसरा महिना लागला होता तेव्हा कंगव्यात एकेका वेळी मूठभर केस यायला लागले, तिने शाम्पू बदलला, पाण्याला दोष दिला, आणि डाएटचा तर तिला विसरच पडला होता. बहुतेकांचे केस नंतर परत येतात पण सहाएक महिने जातात, आणि ते महिने आरशासमोर कसे जातात ते मी बघितलंय.

मनावर होणाऱ्या परिणामाचं आणखी एक. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण पुरुषांवर प्रयोग केला, त्यांना २४ आठवडे निम्म्या खाण्यावर ठेवलं. ते खाणं किती होतं माहितीये? सुमारे १५७० कॅलरी. म्हणजे आपण ज्याबद्दल बोलतोय त्याच्या दुप्पट. त्या मुलांचं वजन साधारण पाव हिस्सा उतरलं, आणि ती दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची, माणसांत मिसळेनाशी झाली, काहीजण अगदी खचले. प्रयोग संपल्यावरसुद्धा कित्येकांना पोट भरल्यासारखं वाटेना. तेव्हा डाएटच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही फ्रिजसमोर उभे राहून हाताला येईल ते खाल्लं असेल तर त्यात मनाचा कमकुवतपणा काढू नका, उपाशी शरीर असंच वागतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवड्यांच्या कार्यक्रमात असंच पाचसाडेपाचशे कॅलरीवर ठेवून बघितलं, तर भुकेवर परिणाम करणारे कित्येक हॉर्मोन वर्षभरानंतरही मूळ पातळीवर आलेले नव्हते.

मग डॉक्टर हे देतात ते का

देतात, आणि काहींना त्याचा खूप फायदाही होतो, हे लपवायचं कारण नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत टाइप २ डायबेटिसवाल्यांना ८२५ ते ८५३ कॅलरीचं पूर्ण पोषण असलेलं खाणं तीन ते पाच महिने दिलं आणि वर्षाने ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय डायबेटिसच्या पातळीच्या खाली होती. पण त्यात डायबेटिस आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, वारंवार तपासणी होती, आणि नंतर नेहमीचं जेवण टप्प्याटप्प्याने सुरू केलं. ८०० च्या खाली जायचं तर ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या सूचनेप्रमाणे सलग १२ आठवड्यांपेक्षा जास्त नाही, तेही लठ्ठपणात, आणि वजन लवकर उतरवण्याचं ठोस वैद्यकीय कारण असेल तरच.

तेव्हा करायचंच असेल तर डॉक्टरांकडे जाताना ही विचारणा करा: ईसीजी, पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, किडनी, लिव्हर, यूरिक ॲसिड, शुगर यातलं काय काय तपासायचं आणि किती दिवसांनी परत. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या काही गोळ्या तेवढ्याच डोसने चालू ठेवून खाणं तोडलं तर शुगर धोकादायक घसरते, बीपीच्या गोळ्यांनी चक्कर येते, लघवीच्या गोळ्यांनी क्षार आणखी जातात. पण म्हणून त्या मनाने बंदही करायच्या नाहीत, इन्सुलिन तर अजिबात नाही.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, १८ च्या आतली मुलं, वयस्कर माणसं, टाइप १ डायबेटिस, हृदय, किडनी किंवा लिव्हरचा आजार, आणि ज्यांना कधीही खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलाय, यांनी हे डोक्यातूनच काढून टाका. ज्यांचं वजन मुळातच थोडंसंच जास्त आहे त्यांनीही.

सुरू करून बसलाय? असं बाहेर या

छातीत धडधड, बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, स्नायूंत फार अशक्तपणा, यातलं काही असेल तर वाचत बसू नका, लगेच इमर्जन्सीला जा आणि किती दिवस किती खाल्लं ते खरं सांगा. लाजून आकडा वाढवून सांगितला तर डॉक्टरांची दिशा चुकते.

पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, किंवा थोड्या महिन्यांत खूपच वजन उतरलं असेल, तर घरी एकदम पोटभर जेवू नका. उपाशी शरीरात अचानक कार्ब गेले की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, रक्तात ते इतकं खाली येऊ शकतं की हृदय बंद पडतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी खाणं डॉक्टरांच्या देखरेखीतच वाढवायचं.

तेवढं टोक गाठलेलं नसेल, लक्षणं नसतील, तरी एकदा रक्त तपासून घ्या आणि दर तीनचार दिवसांनी दीडदोनशे कॅलरी वाढवत न्या, आधी प्रोटीन आणि थोडं फॅट, मग बाकीचं. काटा एकदोन किलो वर जाईल. ते मघाशी सांगितलेलं पाणी आहे. घाबरून परत खाणं तोडू नका. इथेच बहुतेक जण परत त्याच चक्रात अडकतात.

नंतर वजन कमी करायचं तर वर काढलेल्या गरजेतून साधारण ५०० वजा करा, आपल्या उदाहरणात १३७५ च्या आसपास. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं. किडनीचा त्रास नसेल तर प्रोटीन वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ग्रॅमपर्यंत घ्या आणि आठवड्यातून दोनतीनदा वजन उचलण्याचा किंवा स्वतःच्या शरीराच्या वजनाचा व्यायाम करा म्हणजे स्नायू टिकतात. ९० किलोच्या माणसाचे साडेचार किलो जरी उतरले तरी शुगर, बीपीत फरक दिसायला लागू शकतो. रोजचा काटा वरखाली होतोच, म्हणून सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशीच तुलना करा.

बहीण आता तेच करते. वहीत रविवारी एकच आकडा लिहिते, शेजारी पाळीची तारीख. आठ महिन्यांत सात किलो उतरलेत आणि पाळी चौथ्या महिन्यापासून वेळेवर यायला लागलीये.