ब्रिटिश व्हिंटेज धाटणीचे ड्रेस: घेताना, घालताना आणि रिव्ह्यू लिहिताना या चुका टाळा

ड्रेस आला, चेन वरपर्यंत गेली, छातीत व्यवस्थित बसला, तरी पाठीत कंबरेच्या वर एक आडवी वळी पडतेच. ब्रिटनमधल्या छोट्या कारागिरांकडून १९४० आणि १९५०च्या दशकांच्या धाटणीचे ड्रेस मागवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक रिव्ह्यूंमध्ये ती ‘फिटिंग थोडं विचित्र आहे’ एवढ्यावर संपते. फिटिंग विचित्र नसतं, माप चुकलेलं असतं. आणि ते बहुधा छातीचं नसून पाठीच्या उंचीचं असतं.

कुडता खांद्यावर लटकतो. हा ड्रेस कंबरेवर उभा असतो. कंबरेला आडवी शिवण, कापड अजिबात न ताणणारं, वरचा भाग अंगासरशी आणि खाली घेर. ती शिवण तुमच्या खऱ्या कंबरेपासून दोन सेंटीमीटर जरी सरकली, तरी बाही, गळा, घेर सगळंच बिघडतं.

साइजच्या आकड्यावर मागवणं

एकाचा १२ नंबर दुसऱ्याच्या १० इतका निघतो. कुणी आजच्या दुकानी मापांप्रमाणे कापतं, कुणी जुन्या पॅटर्नच्या मापांना धरून. त्यामुळे आकडा विसरा आणि तीन मापं घ्या: छाती, कंबर आणि पाठीची उंची. कंबरेला इलॅस्टिक बांधून दोन्ही बाजूंना वाका; ते जिथे स्थिरावेल ती खरी कंबर. ती बेंबीच्या वर असते, जीन्सच्या पट्ट्याजवळ नाही. मानेमागच्या वर आलेल्या हाडापासून त्या इलॅस्टिकपर्यंतचं अंतर म्हणजे पाठीची उंची. हे माप दुसऱ्याकडून घ्यावं. स्वतः घेताना मान वाकते आणि आकडा चुकतो.

ब्रिटिश तक्ते साधारण साडेपाच फूट उंचीची बाई डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, म्हणजे पाठीची उंची ४० ते ४१ सेंटीमीटर. पाच फूट उंचीच्या बाईची ती ३७-३८च्या आसपास भरते. मधले जे तीन सेंटीमीटर उरतात, त्यांचीच वळी होते. पुण्या-मुंबईहून मागवणाऱ्या किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी बायकांना हा फरक हमखास भोवतो. कारागिराला सरळ विचारा की या साइजमध्ये पाठीची उंची किती. छोटा व्यवसाय असला की उत्तर बहुधा कापणाऱ्या माणसाकडूनच येतं, हा इथून घेण्याचा मोठा फायदा.

तक्त्यातली मापं अंगाची आहेत की कपड्याची, हेही विचारून घ्या. न ताणणाऱ्या कापडात कंबरेला अडीच ते चार सेंटीमीटर आणि छातीला पाच ते आठ सेंटीमीटर सैलपणा लागतो. अंगाची कंबर ७६ असेल तर ड्रेसची ७९-८० हवी. सपाट मांडून मोजला तर हा आकडा निम्मा, म्हणजे ४० दिसेल.

‘सुरक्षित’ म्हणून दोन साइज मोठा घेणं

मोठा घेतला की आरामदायक होईल असं वाटतं. होतं उलटं. १९४०च्या धाटणीच्या चांगल्या ड्रेसचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, काखेला लागून, उंच कापलेला असतो. म्हणून हात वर केला तरी ड्रेस जागचा हलत नाही. साइज वाढली की मुंढा खाली उतरतो, आणि मग बसच्या दांडीला हात लावला की सगळा ड्रेस कंबरेसकट वर येतो. मुंढा खाली नेता येतो, वर आणता येत नाही. एकच साइज मोठा घ्या आणि कंबरेत टेलरकडून आत घ्या. उलट वाट बहुतेक वेळा बंद असते: शिवणीत एक सेंटीमीटर मार्जिन ठेवून वर ओव्हरलॉक केलेलं असेल, तर सोडायला कापडच उरत नाही. बाजूच्या शिवणीत दोन सेंटीमीटर आणि खालच्या दुमडीत चार-पाच सेंटीमीटर ठेवणारा कारागीर जास्त पैसे घेत असला तरी ते वाजवी आहेत.

वळीचं कारण न शोधता टेलर गाठणं

वळी एक, कारणं तीन. तिन्हींचे उपाय वेगळे आणि एकमेकांना मारक.

पहिलं कारण म्हणजे पाठीचा भाग लांब. कंबरेच्या शिवणीच्या वर दीड सेंटीमीटर कापड चिमटीत धरून टाचण्या लावा. वळी गेली आणि घेर सरळ पडला, तर निदान पक्कं. उपाय: मागच्या मधोमध दीड-दोन सेंटीमीटर वर घ्यायचं आणि बाजूच्या शिवणीपर्यंत ते शून्यावर आणायचं. या ड्रेसांची चेन बरेचदा डाव्या बाजूला असते; वळण तिच्या अलीकडेच संपवलं तर चेन उसवावी लागत नाही. पुढचा भागही लांब असेल तर मात्र चौफेर उचलावं लागतं, चेन काढून पुन्हा बसवावी लागते, आणि मजुरी त्याप्रमाणे वाढते. दोन्हीकडे आधी कच्चा टाका घालून खुर्चीत बसून पाहा. कापल्यावर माघार नाही.

दुसरं कारण नितंबात तंग. घेर कमी असलेल्या क्रेपच्या ड्रेसमध्ये हे जास्त. खालचा भाग अडकतो, वर सरकतो आणि जास्तीचं कापड कंबरेवर साठतं. ड्रेस खाली ओढून नीट करा आणि खोलीत एक फेरी मारा. वळी परत आली आणि मांड्यांच्या वर आडव्या ताणरेषा दिसल्या, तर दोष इथे आहे. दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धा-अर्धा सेंटीमीटर सोडल्या की एकूण दोन सेंटीमीटर मिळतात, कारण प्रत्येक शिवणीत दोन पदर असतात. अशा ड्रेसची पाठ उचलली तर ताण तसाच राहतो आणि लांबीही जाते.

तिसरं कारण आतल्या पेटीकोटचा पट्टा. तो ड्रेसच्या कंबरेच्या रेषेवरच बसला की शिवणीला वर ढकलतो. पट्टा तीन-चार सेंटीमीटर खाली घेऊन बघा. इथे सुईदोराही लागत नाही.

दशकांची खिचडी

ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १ जून १९४१ ला सुरू झालं आणि मार्च १९४९ मध्ये उठलं. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपनं होती. लोकरी ड्रेसला ११ आणि सुती किंवा रेयॉनच्या ड्रेसला ७ लागत. १९४२च्या नियमांनी तर ड्रेसला दोनच खिसे, पाचच बटणं आणि स्कर्टला सहाच शिवणी एवढी मर्यादा घातली. त्या काळाच्या धाटणीत कमी घेर, सरळ पडणारं कापड आणि गुडघ्याखाली जेमतेम उतरणारी लांबी दिसते, ती यामुळे. खांद्यांना पॅड ही त्या काळची फॅशन. अशा ड्रेसखाली फुगीर पेटीकोट घातला की शिवणी ताणल्या जातात आणि क्रेपची पडण चिरडते. आत फक्त सुती किंवा क्यूप्रोची (रेशमासारख्या गुळगुळीत कापडाची) साधी स्लिप घाला. पॉलिस्टरची नको, ती कोरड्या हवेत पायांना चिकटते.

घेर आला तो फ्रेंच डिझायनर डिऑरच्या फेब्रुवारी १९४७च्या संग्रहापासून. ब्रिटनमध्ये तो सुती छापील ड्रेसांतून घरोघर पोचवण्यात हॉरॉक्सेस फॅशन्सचा मोठा वाटा. हे तेच इंग्लंडमधल्या प्रेस्टनचं हॉरॉक्सेस घराणं, ज्याचं लाँगक्लॉथ नावाचं सुती कापड इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातही विकलं जाई. आजच्या कारागिरांतही ही विभागणी दिसते: सीमस्ट्रेस ऑफ ब्लूम्सबरीची ओळख १९४०च्या क्रेपची, विव्हियन ऑफ हॉलोवेची १९५०च्या घेराची.

घेरदार ड्रेसखाली घागऱ्याचं कॅनकॅन घालण्याचा मोह आवरा. ती जाळी घागऱ्याच्या जड कापडासाठी कडक केलेली असते. हलक्या सुती कापडातून तिची कड बाहेरून रेघेसारखी दिसते. मऊ नेटचा, आतून अस्तर लावलेला पेटीकोट हवा, आणि तो ड्रेसपेक्षा तीन ते पाच सेंटीमीटर आखूड. खांद्यांचे पॅड मात्र ‘जुनाट दिसतात’ म्हणून कापून काढू नका. खांद्याचा उतार त्यांच्या जाडीप्रमाणेच कापलेला असतो. पॅड गेले की बाहीचं डोकं खाली बसतं आणि पुढून तिरक्या सुरकुत्या येतात.

चेनशी झटापट

बाजूची चेन दोन्ही टोकांना बंद असते. ड्रेस डोक्यावरून, दोन्ही हात आधी आत घालून चढवायचा. पायांतून ओढला की चेनचं खालचं टोक फाटतं. लिपस्टिक शेवटी. चेन अडकते ती जवळजवळ नेहमी कंबरेच्या शिवणीवर, कारण तिथे कापडाचे चार-सहा थर एकत्र येतात. आधी कंबरेचा हूक लावा, दोन बोटांनी शिवण सपाट धरा, मग ओढा. धातूच्या चेनला मेणबत्ती घासली की काम हलकं होतं. तरीही रोज ताण येत असेल तर आतून कंबरेला अडीच सेंटीमीटर रुंद ग्रोसग्रेन (आडव्या रेघांची, न ताणणारी) रिबन शिवून तिला वेगळा हूक लावून घ्या. भार रिबन घेते, चेन सुटते.

क्रेप बादलीत भिजत घालणं

सगळ्यात जास्त ड्रेस इथे वाया जातात. व्हिस्कोज क्रेपचा सूत जोरात पीळ दिलेला असतो. पाणी लागलं की तो पीळ आवळतो आणि कापड डोळ्यांदेखत आटतं. शिवाय ओलं व्हिस्कोज कोरड्यापेक्षा बरंच कमकुवत असतं, पिळलं की शिवणीपाशी फाटतं. लेबलवर फक्त ड्रायक्लीन असेल तर ते पाळा. हाताने धुण्याची परवानगी असेल तर धुण्याआधी छाती, कंबर आणि लांबी मोजून लिहून ठेवा. थंड पाणी, सौम्य द्रव साबण, दोन-तीन मिनिटं दाबून काढणं, तेवढंच. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी शोषून घ्या, दुसऱ्या टॉवेलवर सपाट पसरा आणि लिहिलेल्या मापाला हाताने हळूहळू ओढून आणा. थोडं दमट असताना उलट्या बाजूने, मध्यम तापमानावर इस्त्री करा. इस्त्री सरकवू नका, उचलून ठेवा. घाम येणाऱ्यांनी काखेत सुती पॅड टाचबटणांनी लावावेत. पॅड धुतले जातात, ड्रेस कमी वेळा धुवावा लागतो. मुंबईच्या हवेत हे पॅड हवेतच.

पूर्ण गोल घेर उरेप पडणाऱ्या, म्हणजे कापड तिरकं येणाऱ्या, जागी खाली उतरतो. दुमड वर घेण्याआधी ड्रेस किमान २४ तास टांगून ठेवा आणि लांबी कंबरेपासून न मोजता जमिनीपासून मोजून खुणा करा, बूट घालून.

दुसऱ्याच्या उपयोगी न पडणारा रिव्ह्यू

‘सुंदर आहे, नक्की घ्या’ यावर कुणी सत्तर-ऐंशी पौंड कसे खर्च करणार? तुमची उंची, छाती, कंबर, पाठीची उंची, घेतलेली साइज, ड्रेसची सपाट मोजलेली मापं, आत काय घातलं होतं, एवढं तरी लिहा. एका साइजचा सुती ड्रेस आणि त्याच साइजचा क्रेप वेगवेगळे बसतात, म्हणून कापडाचं नाव हवंच. फोटो पुढून, बाजूने आणि पाठीकडून, हात सैल सोडून. कंबरेवर हात ठेवला की नेमकी तीच शिवण झाकते जी वाचणाऱ्याला पाहायची असते. फोन कंबरेच्या उंचीवर, तीन मीटर लांब ठेवा. जवळून काढलेल्या फोटोत पाय आखूड आणि वरचा भाग मोठा दिसतो.

नव्या ड्रेसला ‘व्हिंटेज’ म्हणू नका. तो व्हिंटेज धाटणीचा आहे. पुढे कधी विकायला काढला तर याच शब्दामुळे कुणाची फसगत होते. ड्रेस भेट मिळाला असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून खोटे आणि मोबदला लपवलेले रिव्ह्यू कायद्याने बंद आहेत, पण कायदा नसता तरी वाचणाऱ्याचा हा हक्कच आहे.

दोष लिहायच्या आधी कारागिराला कळवा आणि त्याने काय केलं तेही लिहा. ब्रिटनमधल्या ग्राहकाला ऑनलाइन खरेदी वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत रद्द करता येते. तुमच्या मापाने खास शिवून घेतलेल्या ड्रेसला ही सवलत नाही. भारतात मागवत असाल तर भरलेलं सीमाशुल्क आणि परतीचं टपाल कोण सोसणार, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. रिव्ह्यू पहिल्या दिवशी लिहिला असेल तर तिसऱ्या धुण्यानंतर त्यात कंबरेचं नवं माप जोडा.