स्टेपनी आहे, पण ती निघते का? मिनीव्हॅनने दुर्गम रस्त्यावर जाणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

लांबच्या, ओसाड रस्त्याच्या प्रवासाला निघालेल्या कोणालाही स्टेपनीबद्दल विचारले, तर "आहे की" असेच उत्तर मिळते. ती शेवटची खाली कधी उतरवली होती, असे पुढे विचारले की मात्र समोरचा माणूस विषय बदलतो. मिनीव्हॅनमध्ये तीन रांगांची आसने आणि सामान यांना जागा हवी असते, त्यामुळे स्टेपनी बहुधा गाडीच्या पोटाखाली, तारेच्या दोराने टांगलेली असते. काही गाड्यांत ती मागच्या टोकाला असते, काहींत पुढच्या आसनांच्या खाली मधोमध असते, आणि अलीकडच्या कित्येक गाड्यांत ती मुळी नसतेच. तिच्याऐवजी टायरमध्ये सोडायच्या द्रवाची बाटली आणि हवा भरायचा लहानसा कॉम्प्रेसर मिळतो. गाडी घेऊन दोन वर्षे झाल्यावर, पंक्चरच्या दिवशीच ही गोष्ट समजलेली माणसे मला भेटली आहेत.

त्या बाटलीच्या भरवशावर खडकाळ रस्त्याला लागणे ही पहिली चूक. जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळ्याने पडलेले, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र तो द्रव बुजवू शकतो. टायरच्या बाजूला दगडाने चीर पाडली, तर त्याचा काहीही उपयोग नाही. शिवाय त्या द्रवाला मुदत असते आणि ती बाटलीवर छापलेली असते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. जुनी मिनीव्हॅन घेतली तेव्हा मी वाकून खाली पाहिले, चाक जागेवर दिसले आणि समाधान मानले. त्यानंतर ते चाक चिखल, पाणी आणि खडीचा मारा खात वर्षानुवर्षे तसेच लटकत राहिले. एका कच्च्या रस्त्यावर संध्याकाळी मागचे डावे टायर फाटले. स्टेपनी खाली सोडण्याचा नट गाडीच्या तळातल्या एका झाकणाखाली होता आणि त्या झाकणावर सगळ्या कुटुंबाचे सामान रचलेले होते. ते रस्त्याच्या कडेला उतरवून मी दांडा फिरवायला घेतला, तर चाक तसूभरही हलले नाही. कप्पी गंजून पार धरली होती. मी जोर वाढवला, तेव्हा नटाचे कोपरे झिजले आणि पाना नुसताच फिरू लागला. फोनला रेंज नव्हती.

दोन तासांनी आलेल्या एका ट्रकच्या चालकाकडे हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, होता. तो लगेच गाडीखाली शिरला नाही, हे मला आजही आठवते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही, असे मला बजावून त्याने आधी चाकांना दगड लावले, गाडीच्या चौकटीखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि मगच पाठीवर पडून तारेचा एकेक पदर कापला. चाक धप्पकन खाली पडले. ते कमी रुंदीचे, तात्पुरते चाक होते. अशा चाकात बहुतेक वेळा ६० पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा लागते. त्यात २० सुद्धा नव्हती. नशिबाने माझ्याजवळ कॉम्प्रेसर होता. बहुतेक गाड्यांतली टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा स्टेपनीकडे लक्ष ठेवत नाही, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणून निश्चिंत राहणे व्यर्थ आहे.

तेव्हापासून वर्षातून दोनदा आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी मी स्टेपनी पूर्ण जमिनीवर उतरवतो. तारेवरचा चिखल ब्रशने काढतो, तिला हलके ग्रीस लावतो, हवा मोजतो आणि चाक पुन्हा घट्ट बसेपर्यंत वर ओढून घेतो. टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांपुढे छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे ४ अंकही वाचतो; २३१९ म्हणजे ते टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनले. न वापरलेले टायरही जुने होते, आणि दहा वर्षांनंतर ते बाद करावे, असे बरेच टायर उत्पादक सांगतात. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. एक चित्रफीत पाहून "वेळ आली की बघू" म्हणणाऱ्या उतावळ्या मंडळींना तेवढाही वेळ नसतो, आणि त्यांचेच सामान मग अंधारात रस्त्यावर पसरलेले दिसते.

फाटलेले चाक कुठे ठेवायचे, याचा विचार फारच थोडे लोक करतात. तात्पुरत्या चाकाच्या जागेत पूर्ण आकाराचे चाक बसत नाही. त्या संध्याकाळी चिखलाने माखलेले ते धूड मधल्या रांगेत ठेवावे लागले आणि दोन मुले एका आसनावर दाटीवाटीने बसली. तसे बसणे धोक्याचेच होते. आता मी तिसऱ्या रांगेमागे एका चाकाची जागा मोकळी सोडतो आणि तिथे एक ताडपत्री व घट्ट आवळता येणारे दोन पट्टे ठेवतो.

खरे तर दुर्गम भागात पूर्ण आकाराची स्टेपनीच न्यावी, असे माझे ठाम मत आहे, कारण तात्पुरत्या चाकावर सहसा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते आणि खडीच्या रस्त्यावर त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही. मात्र २० ते २५ किलोचे हे चाक गाडीत नुसते टेकवून ठेवू नये. जोरात ब्रेक लागला, की ते पुढे बसलेल्यांच्या पाठीत येते. ते तळातल्या मजबूत कड्यांना बांधावे, आसनाच्या पाठीला नव्हे. टपावर ठेवण्याची युक्ती मला पटत नाही. वजन उंचावर जाते आणि रात्री एकट्याने ते उतरवताना कंबर धरते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. गाडीच्या मिश्रधातूच्या रिमचे नट स्टेपनीच्या लोखंडी रिमवर नीट बसतीलच असे नाही, म्हणून ते घरीच लावून पाहावेत. चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या कुलूपवाल्या नटाची चावी घरी विसरू नये. मऊ जमिनीवर जॅकखाली जाड फळी घ्यावी आणि गाडी उचलण्यापूर्वीच नट सैल करावेत. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचे पुढचे टायर गेले, तर मी मागचे चांगले चाक पुढे आणतो आणि तात्पुरते मागे लावतो. दुप्पट काम पडते, तरी ते चुकवत नाही. चारही चाकांना ताकद मिळत असेल, तर वेगळ्या व्यासाचे चाक लावून लांब जाऊ नये, त्याने गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

नट आवळताना पान्यावर उभे राहून उड्या मारणारेही पुष्कळ आहेत. तसे आवळलेले नट पुढच्या वेळी निघत नाहीत आणि कधी बोल्टच तुटतो. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळून मी प्रत्येक नटावर आणि रिमवर मिळून खडूची एक रेघ ओढतो, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर थांबून रेघा जुळतात का ते पाहतो व पाना पुन्हा एकदा लावतो.