परवान्याचा नंबर विचारला तर काय सांगायचं?

हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून दिलेल्या माझ्या पहिल्याच साक्षीत बचावाच्या वकिलांनी सहीबद्दल काही विचारलंच नाही. "मॅडम, लायसन्स नंबर?" एवढंच. माझी दातखीळ बसली. खरं उत्तर सोपं होतं: आपल्याकडे खासगी हस्ताक्षरतज्ज्ञाला परवाना देणारा कायदाच नाही. फिलिपीन्समध्ये २०१८ च्या कायद्यानुसार क्रिमिनॉलॉजिस्टला (गुन्हेशास्त्रज्ञाला; वादग्रस्त कागद तपासणं त्याच्याच कामात येतं) परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. इथे तसं काही नाही. त्यामुळे नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी लेटरहेडवर 'शासनमान्य' छापायचा मोह आवरावा. उलटतपासणीत तोच शब्द अंगाशी येतो.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ (वकील अजून सवयीने जुन्या पुरावा कायद्यातला ४५ हाच आकडा सांगतात) फक्त विशेष कौशल्य मागतं. ते सिद्ध करायचं तुम्ही. शिक्षण कुठे झालं, कुणाच्या हाताखाली किती वर्षं काढली, किती प्रकरणं तपासली, याची वही ठेवा आणि साक्षीला जाताना बरोबर न्या.

काम घेताना झेरॉक्सवर मत देऊ नका. झेरॉक्समध्ये पेनाचा दाब दिसत नाही, हात थबकलेली जागा दिसत नाही. मूळ कागद कोर्टात असेल तर पक्षकाराच्या वकिलांना परवानगीचा अर्ज करायला सांगा आणि तिथेच, कर्मचाऱ्यासमोर, फोटो घ्या. मान्य सह्या, म्हणजे ज्यांच्या खरेपणावर वाद नाही अशा तुलनेच्या सह्या, वादातल्या सहीच्याच काळातल्या हव्यात. एकदा खरेदीखतावरची एका आजोबांची सही मी वीस वर्षांपूर्वीच्या पासबुकातल्या सहीशी ताडत बसले होते. मधल्या काळात त्यांना कंपवात झालेला! 'पाटील'मधल्या 'ल'ची थरथर मी नकलेची समजले असते. त्यांच्या सुनेने औषधाची चिठ्ठी दाखवली म्हणून वाचले.

अहवालात नुसता निष्कर्ष नको. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४५ नुसार (जुनं ४५ नव्हे) मतामागची कारणंही कोर्टापुढे येऊ शकतात, म्हणून प्रत्येक वळणाचा मोठा केलेला फोटो आणि शेजारी दोन ओळी.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३२९ मुळे ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना न बोलावताही वाचला जातो. त्या यादीत आपल्या हाफकिनचे संचालकही आहेत. तुम्ही-आम्ही नाही. आपल्याला पिंजऱ्यात उभं राहावंच लागतं, तेव्हा तारखा मोकळ्या ठेवा.

फी आधी घ्या, पूर्ण. "केस जिंकल्यावर देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.