देवस्थानच्या कागदांवर तारीख कशी घालावी

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या देवस्थानचे कागद स्कॅन करून लावायचं काम माझ्याकडे आहे. कमिटीतली नवी मुलं मदतीला आली की आधी हेच सांगतो: पहिलं वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ. २०२४-०२-१४. ही आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची पद्धत, १९८८ पासूनची.

आपण ०३/०४ लिहितो ते ३ एप्रिल. अमेरिकेतला महाजन, म्हणजे देवस्थानचा वंशपरंपरागत सभासद, देणगीसोबत तेच लिहून पाठवतो, तेव्हा ते ४ मार्च असतं. कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असला तर एक्सेल आणखी घोळ घालतं. १४/०२/२०२४ त्याला तारीख वाटतच नाही, ती चौकटीत डावीकडे चिकटून राहते. निदान डोळ्यांना खटकते तरी. पण ०३/०४/२०२४ मुकाट्याने ४ मार्च होऊन बसते आणि खजिनदाराला पत्ताही लागत नाही. म्हणून टाईप करतानाच वर्षापासून सुरुवात करा. दिसायलाही तशीच हवी तर कॉलम निवडून कंट्रोल आणि १ दाबा, कस्टममध्ये वाय चारदा, एम दोनदा, डी दोनदा, मध्ये रेघा.

फाईलचं नावही तारखेनेच सुरू करा: २०२४-०२-१४_जत्रा_पावणी_माघ-शुद्ध-पंचमी. पावणी म्हणजे देवळातला लिलाव. इथे मी अंक देवनागरीत लिहिलेत, पण फाईलींत आणि एक्सेलमध्ये सगळीकडे इंग्रजीच ठेवा. अर्धे देवनागरी, अर्धे इंग्रजी झाले की क्रम बिघडतो. फेब्रुवारीचा शून्य गाळू नका. तिरकी रेघ तर विंडोज नावात घेतच नाही. शेवटी तिथी हवीच, कारण जत्रा तिथीने येते: हीच पंचमी २०२३ साली २६ जानेवारीला होती.

खरी कसोटी जुन्या दप्तरात. पोर्तुगीज आमदानीतल्या कागदावर महिना शब्दांत असतो, तो वाचता आला की झालं. पण कोपरा वाळवीने खाल्लेला असला आणि दिवस गेला असला, तर नुसतं १९५४-०७ लिहा. महिनाही गेला असेल तर १९५४. जागा भरायची म्हणून ०१ घालायचं नाही! उद्या कोणीतरी त्यावरून १ जुलैला ठराव झाला म्हणून भांडत येईल.

मराठी हिशेबवह्यांत शके असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे शके १८७६ मधला श्रावण १९५४ चा, माघ १९५५ चा. महिना कळत नसेल तर दोन्ही सालं लिहा, १९५४-ते-१९५५_शके-१८७६, आणि मूळ शके कधीही पुसू नका.

निमंत्रणपत्रिकेवर आणि पावतीवर हे काही लादू नका. तिथे महिना अक्षरांत लिहा, १४ फेब्रुवारी २०२४. घरच्या म्हाताऱ्यांनाही कळतं आणि अमेरिकेतल्या महाजनालाही.