ट्रेनर मंडळी, ॲनाटॉमी (शरीररचना) डोक्यात टिकत नाही? या चुका टाळा

संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत गल्लोगल्ली जिम निघायलेत, कोर्स केलेले ट्रेनरही भरपूर झालेत, पण क्लायंटनं "सर, खांद्यात इथं लागायलंय" म्हटलं की "होतं तसं, वजन कमी करा" एवढंच उत्तर मिळतं. परीक्षेच्या वेळी याच माणसाला सगळं पाठ होतं. मग गेलं कुठं? बहुतेक वेळा अभ्यासाची पद्धतच चुकलेली असते.

नुसतं परत परत वाचणं

ही सगळ्यात मोठी चूक. हायलाइटर मारलेलं पान वाचताना सगळं येतंय असं वाटतं, पण ते नुसतं ओळखीचं झालेलं असतं, पुस्तक मिटलं की आठवत नाही. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, त्यात परत परत वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. लातूरला नीटची पोरं टेस्टवर टेस्ट देतात त्याचा फायदा हाच. तुम्ही पण कोरा कागद घ्या, स्कॅप्युला म्हणजे शोल्डर ब्लेड, खांद्यामागचं चपटं हाड, काढा, वेडीवाकडी आली तरी चालेल, त्यावर रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे, चारही मसल मांडा, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर, सबस्कॅप्युलारिस, आणि मगच पुस्तक उघडून लाल पेननं दुरुस्त करा. सबस्कॅप्युलारिस हाडाच्या पुढच्या बाजूला, बरगड्यांकडं असतो, तो पाठीकडं काढू नका.

ओरिजिन-इन्सर्शन पाठ, पण हालचाल माहीत नाही

ओरिजिन म्हणजे मसल कुठून निघतो, इन्सर्शन म्हणजे कुठं जोडतो, पण तेवढं पाठ करून भागत नाही. प्रत्येक मसलला एकच प्रश्न विचारा, हा कोणकोणत्या सांध्यावरून जातो? पोटरीचंच घ्या. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडापासून निघतो, सोलियस गुडघ्याच्या खालून, दोघं अकिलीस टेंडनमधून टाचेला जोडतात. आता उभं राहून टाचा उचला आणि पोटरीला हात लावा, वरचा भाग टणक लागेल. मग गुडघे वाकवून बसा आणि टाचा उचला, तोच वरचा भाग बराच सैल लागेल कारण गॅस्ट्रोक्नेमियस ढिला पडतो आणि काम जास्त करून सोलियस करतो. सीटेड काफ रेज कशासाठी हे एकदा असं हातानं कळलं की विसरत नाही.

पुस्तक वेगळं, जिम वेगळी

पोलीस भरतीची पोरं गोळाफेकसाठी शोल्डर प्रेस मारायलेत, तर तिथंच अभ्यास करा. परवानगी विचारून मागं उभं राहा, शोल्डर ब्लेडच्या खालच्या टोकावर बोट ठेवा आणि हात बाजूनं वर न्यायला सांगा, टोक बाहेर सरकताना जाणवेल. हात पूर्ण 180 अंश वर जातो त्यात साधारण 120 खांद्याच्या सांध्याचे आणि 60 या ब्लेडच्या हालचालीचे असतात. ब्लेड अडलं की पोरगं कंबर वाकवून वजन वर नेतं, ते लगेच ओळखू येतं. लेडीज क्लायंटला मात्र हात न लावता लेडी ट्रेनरकडून करून घ्या नाहीतर स्वतःच्या अंगावर दाखवा.

सगळं एकदम धरणं

206 हाडं आणि 600 च्या वर मसल एका महिन्यात धरायला गेलात तर काहीच राहत नाही. आठवड्याला एक सांधा बास. दुपारी उन्हामुळं जिम रिकामी असते तेव्हा बसा, दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं तेच न बघता परत काढा.

चार नावं आली की डॉक्टर होणं

हे तर अजिबात नको. दुखणं कंबरेतून पायात उतरतंय, मुंग्या येतात, बधिर होतंय, असं कुणी म्हणलं तर स्ट्रेचिंग सांगत बसू नका, सेट थांबवा आणि डॉक्टरकडं पाठवा. कुठून कुठंपर्यंत दुखतं, कोणत्या हालचालीला वाढतं, हे नीट लिहून सोबत द्या, तिथं तुमची ॲनाटॉमी खरंच कामाला येते.