जुन्या ऑफरोड ट्रकचं मागचं लिंक सस्पेन्शन पहिल्यांदा उघडणार असाल तर

नवीन बुश (लिंकच्या टोकाला बसणारा रबर आणि लोखंडी नळीचा सांधा) बसवून चार महिनेही झाले नव्हते आणि खालच्या दोन्ही लिंकच्या, म्हणजे एक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्यांच्या, बुशमधलं रबर आतल्या नळीपासून सुटलेलं दिसलं. माल चांगला होता, प्रेसवर नीट बसवले होते, बोल्टसुद्धा टॉर्क रेंचने आवळले होते. चूक एकच होती, आवळले तेव्हा गाडी चॅसिसखाली स्टँड लावून वर उचललेली होती आणि एक्सल खाली लोंबत होता. रबरी बुशची आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते, ती फिरत नाही, हलतं ते फक्त रबर, तेही पीळ खाऊन. मी लोंबत्या अवस्थेत आवळल्यामुळे तीच रबराची पीळ नसलेली जागा ठरली, मग गाडी जमिनीवर आली की रबर नुसतं उभ्या उभ्या पिळलेलं, खड्ड्यात अजून पिळणार, फाटणारच.

तेव्हापासून मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो. या कामातलं जवळजवळ प्रत्येक माप एकाच अवस्थेत घ्यायचं, गाडी स्वतःच्या वजनाने चाकांवर उभी असताना. तिला राइड हाइट म्हणतात. बोल्ट आवळणं, पिनियनचा (एक्सलच्या ज्या तोंडाला प्रोपेलर शाफ्ट जोडतात त्याचा) अँगल, पॅनहार्ड रॉडचा (एक्सलला आडवं धरणाऱ्या दांड्याचा) उतार, शॉकअपचा दांडा किती बाहेर आहे, सगळं तिथूनच ठरतं.

आता थोडं मुळापासून. पाट्यांच्या गाडीत पाटाच वजन उचलतो आणि पाटाच एक्सलला जागेवर धरतो. कॉइल स्प्रिंगला फक्त वजन उचलता येतं, एक्सलला धरायचं काम लिंकचं. खालच्या दोन लिंक गाडीला पुढे ढकलतात आणि ब्रेक मारला की मागे खेचून धरतात, वरच्या दोन एक्सलला स्वतःभोवती फिरू देत नाहीत, आणि पॅनहार्ड रॉड डावीकडे-उजवीकडे सरकणं थांबवतो. लँड क्रूझर ८० सीरीज, निसान पॅट्रोल वाय ६०, जीप रँग्लर टीजे, सगळ्यांची मागची बाजू साधारण अशीच. कॉइलवाल्या लँड रोव्हर डिफेंडरला वर इंग्रजी ए च्या आकाराचा एकच आर्म असतो, तो मधोमध बॉल जॉइंटने एक्सलला धरतो, म्हणून तिथे पॅनहार्ड लागत नाही. वरच्या दोन लिंक तिरक्या लावलेल्या फोर-लिंकमध्येही तसंच. आपल्या गाडीत यातलं काय आहे ते खाली झोपून आधी बोटाने दाखवता आलं पाहिजे, तोवर पाना हातात घेऊ नका.

उघडायच्या आधी मापं घ्या. सपाट जमीन, टायरमध्ये नेहमीची हवा, गाडी थोडी पुढेमागे ढकलून सस्पेन्शन मोकळं करून घ्यायचं. मग चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना, प्रत्येक लिंकची बोल्टपासून बोल्टपर्यंतची लांबी, पिनियनचा आणि ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या डब्याच्या) फ्लँजचा अँगल, आणि चॅसिसवरच्या एखाद्या पक्क्या भोकातून ओळंबा सोडून एक्सलपर्यंतचं अंतर, सरळ पण आणि कर्णात पण. हे शेवटचं सगळ्यात जास्त लोक सोडून देतात आणि मग एक्सल एका बाजूला काही मिलिमीटर पुढे बसतो, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि आठवडाभर पुढच्या चाकांची अलाइनमेंट तपासत बसतात. फोटो काढाच, पण फोटोत माप दिसत नाही, वहीत लिहा.

फक्त बुश बदलायचे असतील तर एका वेळी एकच लिंक काढा, ती पुरी बसवा, मग दुसरी. असं केलं की एक्सल जागा सोडत नाही आणि निम्मा त्रास वाचतो. वरच्या दोन्ही लिंक एकदम सोडल्या तर हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) फिरून पिनियनचं तोंड खाली पडतं, हात मध्ये असेल तर विचारच नको, त्यामुळे पिनियनखाली दुसरा जॅक हवाच. आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंत जोर नेणारा लांब फिरता दांडा) सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी मागच्या चाकांनी धरलेली नसते, हँडब्रेक ट्रान्सफर केसवर असेल तर तोही गेला, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावा.

जुन्या गाडीत खरी लढाई बोल्टची असते. बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो, नट सुटतो, बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही. आदल्या दिवशीपासून पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा, आणि तरी नाही आला तर बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीतून ब्लेडने कापा, बुश तसंही फेकायचंच आहे. घणाने ब्रॅकेटचे कान वाकवू नका. रबर टॉर्चने जाळून काढायची पद्धत दिसते, मी केली आहे, तो धूर विषारी असतो, प्रेस आणि योग्य मापाचा सॉकेट किंवा नळी वापरा. काही बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळ जागा सोडलेली असते, तिची दिशा ठरलेली असते, जुना काढण्याआधी लिंकवर खूण करा.

बुश कुठला घ्यावा हे सगळे विचारतात. रोज चालणारी गाडी असेल आणि लिंक फॅक्टरीच्या जागीच असतील तर माझं मत स्पष्ट आहे, चांगल्या प्रतीचं रबर. एक चाक वर एक खाली झालं की प्रत्येक लिंकला थोडा पीळ बसतो, रबर तो गिळतं. दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेन घातलं तर तो पीळ जायला जागा राहत नाही, सस्पेन्शन अडकतं आणि ताण ब्रॅकेटच्या वेल्डवर येतो. हाइम जॉइंट (रबराशिवायचे, धातूच्या गोळ्यावर फिरणारे सांधे) मोकळे फिरतात पण धूळ-चिखलात लवकर ढिले होतात आणि रस्त्यावर खडखडतात. जॉनी जॉइंटसारखे ग्रीस भरता येणारे आणि उघडून दुरुस्त करता येणारे जॉइंट हा मधला मार्ग, मी माझ्या वरच्या लिंकला एका टोकाला तेच लावले आणि दुसऱ्या टोकाला रबर ठेवलं.

ब्रॅकेट तपासताना रंगावर जाऊ नका. हातोडीने ठोकून आवाज ऐका, टोकदार सुईने टोचून बघा, चॅसिस बॉक्स असेल तर गंज आतून येतो. भोक लांबट झालं असेल तर त्यात मोठा बोल्ट कोंबण्यापेक्षा जाड वॉशर किंवा प्लेट वेल्ड करून मूळ मापाचं भोक परत तयार करणं चांगलं. बोल्टचा गुळगुळीत भाग ब्रॅकेटच्या पत्र्यात बसला पाहिजे, आटे नाही.

वेल्डिंगबद्दल दोन गोष्टी जिवाच्या आहेत. क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी वेल्ड केलं तर फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, तो जीव घेऊ शकतो. अशा जागी मी वेल्डिंगच्या आसपासही तो डबा ठेवत नाही, ग्राइंडर आणि ॲसिटोन वापरतो, आणि ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावर, बाटली लांब ठेवल्यावरच आर्क काढतो. दुसरं, पेट्रोल-डिझेलची टाकी आणि पाइप जवळ असतील तर काढूनच ठेवा. बाकी बॅटरीची वायर काढणं, अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी शेजारी लावणं म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही, हे सवयीने होतं. एक्सलच्या नळीवर लांब वेल्ड एका दमात मारू नका, नळी तापलेल्या बाजूने ओढली जाऊन वाकते, मग सील गळायला लागतं. छोटे तुकडे, बाजू बदलत, मध्ये थंड होऊ देत. आणि पक्कं वेल्ड सगळ्यात शेवटी, आधी फक्त टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते टाके.

पिनियन अँगल हा विषय ऐकायला अवघड वाटतो पण आहे साधा. प्रोपेलरच्या दोन्ही टोकांना एकेक साधा क्रॉस (कोनातही फिरणारा सांधा) असेल तर ट्रान्सफर केसचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे दोन्ही टोकांचे अँगल सारखे होऊन एकमेकांना मारतात. वरच्या टोकाला डबल कार्डन (दोन क्रॉस जोडून केलेला सांधा) असेल तर पिनियनने सरळ शाफ्टकडे बघायला हवं. जोर आला की रबर दबून पिनियन थोडं वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत एक-दोन डिग्री खाली ठेवतात. माझ्या गाडीत वरच्या आणि खालच्या लिंकमध्ये एक्सलपाशी २०० मिमी उभं अंतर आहे, म्हणजे एक डिग्रीसाठी वरची लिंक साधारण ३.५ मिमी लांब-आखूड करावी लागते. लिंकला एका टोकाला सुलटे, दुसऱ्या टोकाला उलटे आटे, इंचाला १४, त्यामुळे पूर्ण एक फेरा म्हणजे ३.६ मिमी, म्हणजेच जवळजवळ एक डिग्री. हा हिशोब वहीत लिहून ठेवल्यापासून मी गाडीखाली अंदाजाने फिरवणं बंद केलं. दोन्ही वरच्या लिंक सारख्याच फिरवा आणि चेकनट आवळायला विसरू नका.

पॅनहार्डचं गणित तर नवीन माणसाने कागदावर करून बघावंच. रॉड ९०० मिमीचा आणि राइड हाइटला आडवा असेल तर एक्सल १५० मिमी खाली गेल्यावर बाजूला सरकतो साधारण १२-१३ मिमी. तोच रॉड लिफ्ट केल्यामुळे, म्हणजे गाडी उंच केल्यामुळे, आधीच १०० मिमी उतारावर असेल तर तेवढ्याच हालचालीत सरकतो जवळपास ३० मिमी. रस्त्यावर प्रत्येक उंचवट्याला गाडीचं ढुंगण बाजूला फेकल्यासारखं वाटतं ते याचमुळे. नुसता लांब रॉड लावून एक्सल मधोमध आणता येतो पण उतार तसाच राहतो, त्यासाठी एक्सलकडचा ब्रॅकेट उंच करावा लागतो, आणि तो ब्रॅकेट मजबूत आधाराशिवाय केला तर तुटतो.

लिफ्टने अजून एक गोष्ट बिघडते. लिंकचे उतार वाढले की साधारणपणे अँटी-स्क्वॉट वाढतो, म्हणजे जोर दिल्यावर मागची बाजू दबण्याऐवजी उचलली जाते, आणि चढावर चाकं उड्या मारायला लागतात. स्वतःची जिऑमेट्री (लिंकच्या जागा आणि कोन) बनवणारे एक्सलपाशी वरच्या-खालच्या लिंकमधलं अंतर टायरच्या व्यासाच्या पाव भागाइतकं ठेवतात, ३५ इंची टायरला पावणेनऊ इंच, हा अंदाज आहे, नियम नाही. पहिल्याच गाडीवर नवीन जागी ब्रॅकेट लावायला जाऊ नका. आधी बुश, मग जुना ब्रॅकेट दुरुस्त, मग ॲडजस्टेबल लिंक, आणि दरम्यान भंगारच्या पट्ट्यांवर वेल्ड मारून तो कापून आत किती मुरलाय ते बघत राहा, मी हे कित्येक महिने रोज संध्याकाळी करत होतो.

टॅक झाल्यावर, स्प्रिंग काढून, जॅकने एक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि एक चाक वर एक खाली असा दोन्ही बाजूंनी फिरवून बघा. या फेरीत पूर्ण दिवस गेला तरी चालेल. टायर कुठे घासतो, प्रोपेलर पूर्ण खाली गेल्यावर क्रॉसपाशी अडकतो का किंवा स्प्लाइनमधून (आत-बाहेर सरकणाऱ्या खाचांच्या जोडातून) फार बाहेर येतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, हौसिंगचा ब्रीदर पाइप, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर. शॉकअप पूर्ण दबायच्या आधी बंप स्टॉप (एक्सलला वर जाताना अडवणारा ठोकळा) लागला पाहिजे, आणि पूर्ण खाली जाताना होज नाही तर शॉकअप किंवा पट्टा थांबवणारा हवा. माझा होज पहिल्यांदा २ सेंमी कमी पडत होता, जॅकवर कळलं, डोंगरात कळलं असतं तर ब्रेक गेले असते.

मग पक्कं वेल्ड, रंग, स्प्रिंग, चाकं, गाडी जमिनीवर, थोडी पुढेमागे, आणि आता बोल्ट आवळायचे. खाली जागा नसते म्हणून लोक वर उचलून आवळतात, त्यापेक्षा चाकांखाली चारही बाजूंना सारख्या उंचीचे मजबूत रॅम्प लावा. प्रत्येक नटवर रंगाची रेघ ओढा, नटपासून ब्रॅकेटपर्यंत, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पहिल्या १०० किमीनंतर आणि पहिल्या ऑफरोड फेरीनंतर सगळे पुन्हा टॉर्कला तपासा. माझ्या दुसऱ्या वेळेला फक्त पॅनहार्डच्या चॅसिसकडच्या बोल्टची रेघ सरकली होती, उघडून बघितलं तर ब्रॅकेटच्या आत रंगाचा जाड थर राहिला होता, तो दबून बोल्ट ढिला झाला होता. रंग खरवडला, परत आवळला, त्यानंतर ती रेघ हलली नाही.