‘परक्यांनी देश बुडवला’ हा दावा कसा तपासावा

देश कर्जात बुडाला की चारदोन दिवसांत कुणीतरी बाहेरचा दोषी ठरतो. कधी शेजारी देश, कधी अडचणीतल्या देशांना कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, कधी पोटासाठी आलेले स्थलांतरित. यातला राग बहुतेक वेळा खरा असतो, पत्ता मात्र चुकीचा असू शकतो. पत्ता कसा तपासायचा, ते मुख्यतः श्रीलंकेच्या उदाहरणावरून पाहू. श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ रोजी परदेशी कर्जांची फेड थांबवली आणि ‘चीनच्या सापळ्यात अडकली’ हे वाक्य सर्वतोमुखी झाले.

आधी कर्ज कोणत्या चलनातले आहे ते पाहा. स्वतःच्या रुपयातले कर्ज सरकार नोटा छापून फेडू शकते. त्याने महागाई भडकते, पण देणे भागते. डॉलर छापता येत नाहीत, ते निर्यात, पर्यटन, परदेशातून येणारे पैसे किंवा नवे कर्ज यांतूनच मिळवावे लागतात. म्हणून ‘एकूण कर्ज’ हा आकडा बाजूला ठेवा आणि परकीय चलनातले कर्ज वेगळे काढा.

मग धनकोंची, म्हणजे कर्ज देणाऱ्यांची, यादी करा. रकाने तीन: बाजारात विकलेले रोखे (ठरलेल्या मुदतीने व्याजासह पैसे परत करण्याची हमीपत्रे), दुसऱ्या सरकारांची व त्यांच्या बँकांची कर्जे, आणि जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँक यांसारख्या संस्थांची कर्जे. इथेच सर्वाधिक चुका होतात. श्रीलंकेच्या सरकारी तक्त्यात चीनचा वाटा सुमारे १० टक्के दिसत असे, कारण सरकारी कंपन्यांच्या नावावरची चिनी कर्जे त्यात धरलेली नव्हती. ती मिळवली की वाटा जवळपास २० टक्क्यांवर जातो. म्हणजे ‘फक्त दहा टक्के’ म्हणणारेही चुकतात. तरीही सर्वात मोठा रकाना रोख्यांचाच निघतो, सुमारे १२.५ अब्ज डॉलर. त्यांचे धारक म्हणजे मुख्यतः पाश्चात्त्य गुंतवणूक निधी. त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण त्यांना ना झेंडा ना चेहरा.

रकमेइतकीच मुदत महत्त्वाची. रोख्यांचे व्याज साधारण ६ ते ८ टक्के आणि मुद्दल ठरलेल्या दिवशी एकरकमी द्यायचे. द्विपक्षीय, म्हणजे एका सरकारने दुसऱ्याला दिलेले, कर्ज बहुधा वर्षानुवर्षे हप्त्यांनी फिटते. १८ जानेवारी २०२२ रोजी श्रीलंकेने ५० कोटी डॉलरचे रोखे एका फटक्यात फेडले, तेव्हा इंधन आणि औषधांसाठी डॉलर आटत चालले होते. हप्त्यांचे वेळापत्रक मांडून पाहिल्याशिवाय गळफास कुणाचा होता ते कळत नाही.

गंगाजळीचा, म्हणजे देशाकडच्या परकीय चलनाच्या साठ्याचा, आकडाही सोलून पाहा. २०१९ अखेर ती सुमारे ७.६ अब्ज डॉलर होती. मार्च २०२२ मध्ये कागदावर १.९ अब्ज दिसत होती, पण त्यात चीनच्या मध्यवर्ती बँकेशी केलेल्या चलन-अदलाबदलीचे (एकमेकांची चलने ठरावीक काळासाठी बदलून घेण्याच्या कराराचे) सुमारे दीड अब्ज होते आणि ते अटींमुळे वापरता येत नव्हते.

आता घरातले निर्णय तारखांसह लिहा. २०१९ च्या अखेरीस श्रीलंकेने व्हॅट हा विक्रीवरचा कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. पुढच्या वर्षी करउत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्क्यांपर्यंत घसरले, पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा) उतरले आणि नवे रोखे विकण्याचा रस्ताच बंद झाला. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर बंदी आली. महामारीने पर्यटन आधीच बसले होते. यातला एकही करनिर्णय बाहेरून लादलेला नव्हता.

चिनी कर्जातून बांधलेल्या श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराची गोष्ट हमखास पुढे येते. २०१७ मध्ये ते चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आणि १.१२ अब्ज डॉलर मिळाले. त्या बदल्यात बंदराचे कर्ज माफ झाले असे सांगतात, ते खरे नाही. कर्ज सरकारच्याच नावावर राहिले, आलेले डॉलर गंगाजळीत गेले. चिनी कर्ज स्वस्त होते असा मात्र याचा अर्थ नव्हे. बंदराच्या पहिल्या टप्प्याचे कर्ज ६.३ टक्क्यांनी घेतलेले होते.

बाहेरच्यांना सरसकट निर्दोष ठरवणे हीसुद्धा चूकच. कर्जात बुडालेल्या ग्रीसला २०१० साली युरोपीय देश आणि नाणेनिधीने ११० अब्ज युरोंची मदत जाहीर केली, पण कर्जकपात, म्हणजे धनकोंनी देण्याचा काही भाग सोडणे, २०१२ पर्यंत लांबली. मधल्या काळात खाजगी धनकोंची मोठी देणी मदतीच्या पैशातून भागली आणि बोजा युरोपच्या करदात्यांवर सरकला. नाणेनिधीने २०१३ मध्ये हा दोष स्वतः नोंदवला. युरोपातल्या बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्थांवरचा ग्रीक माणसाचा राग निराधार नव्हता.

त्याच ग्रीसमध्ये ‘गोल्डन डॉन’ या स्थलांतरितद्वेष्ट्या पक्षाची मते २००९ मधल्या ०.३ टक्क्यांवरून मे २०१२ मध्ये जवळपास ७ टक्क्यांवर गेली. स्थलांतरितांकडे रोखे नव्हते, करधोरण त्यांच्या हाती नव्हते. धनकोंच्या यादीत ज्याचे नाव नाही आणि निर्णयांच्या यादीतही नाही, त्याच्यावरचा आरोप तिथेच खोडून टाका.

शेवटी तक्त्याची तारीख बघा. श्रीलंकेच्या यादीत २०२२ नंतर भारताचा वाटा एकदम फुगलेला दिसतो. त्यात मोठा भाग त्या वर्षी इंधन, अन्न आणि औषधांसाठी दिलेल्या पतमर्यादांचा (ठरावीक रकमेपर्यंत उधार खरेदीच्या सोयींचा) आहे. ते पैसे डॉलर आटल्यावर आले. म्हणून कारणांचा हिशेब २०२१ अखेरच्या तक्त्यावर करा आणि नंतरचा तक्ता फक्त कर्जाच्या फेररचनेच्या, म्हणजे फेडीच्या अटी बदलण्याच्या, वाटाघाटी समजून घ्यायला वापरा.